जाळं आधी बघा, माणूस मागून

गोदाकाठचे घरातले जुने फोटो पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. टपालानं आले, मोबाईलवर आले, एकानं तर काचेसकट फ्रेमच पाठवली. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. परभणीत फोटो स्टुडिओ चालवला, हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाच्या वासात उमर गेली, तेव्हा उत्तरं दुकानदाराच्या नजरेनंच येणार. या वेळी पाच पत्रं घेतो.

प्रश्न : आम्ही पैठणचे भोई. आजोबांचा नदीकाठचा फोटो पाठवते. बांबूवर जाळं वाळत घातलंय, पुढं टोपलीत मासे आहेत, शेजारी एक लहान मुलगा उभा आहे. घरात सगळे सांगतात, फोटो निजामाच्या काळातला, १९३५ चा. मागे काहीच लिहिलेलं नाही. एवढा जुना असेल का? (पैठणहून एक ताई)

उत्तर : ताई, फोटो फार झकास आहे, पण १९३५ चा नाही. का ते सांगतो.

जुना फोटो हातात आला की आपण पहिल्यांदा चेहरा बघतो. नाक कुणासारखं, पागोटं कसलं. चेहऱ्यावरून साल कळत नाही. माणूस फोटोसाठी ठेवणीतले कपडे घालतो, दुसऱ्याचं घड्याळही मनगटावर चढवतो. जाळं, टोपली, दोरी, चाक यांना फोटो काढून घ्यायची हौस नसते. ती असतात तशी येतात. म्हणून मी आधी जाळं बघतो.

तुमच्या फोटोतलं जाळं जाड आणि काळपट आहे, ते सुताचं. सुताचं जाळं ओलं ठेवलं की कुजतं, म्हणून मासेमारी झाली की ते बांबूवर पसरून वाळवावंच लागायचं आणि टिकावं म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवायचे. हा काळपटपणा त्याचाच. नायलॉनचं जाळं एवढं अंग धरून लोंबत नाही. ते उन्हात चमकतं आणि फोटोत बारीक धुक्यासारखं उतरतं. जाळ्याच्या वरच्या दोरीला भोपळे बांधलेत, प्लास्टिकचा डबा किंवा थर्माकोल कुठंच नाही. म्हणजे नायलॉनच्या आधीचा काळ. इथवर घरच्यांचं म्हणणं चालून जाईल.

आता टोपली बघा. मोठं करून बघा, मी भिंगातून बघितली. वरती एक वाम आडवी टाकलीय, तिच्या शेपटीजवळ मरळ असावी. त्यांच्याखाली तीन-चार रुंद, बुटके मासे आहेत आणि त्यांच्या पाठीवर डोक्यामागून शेपटीपर्यंत एकसलग काटेरी पंख दिसतो. ती चिलापी, म्हणजे तिलापिया. नदीतल्या रोहूच्या जातकुळीतल्या माशांचा पाठीवरचा पंख आखूड असतो, असा लांब नसतो. चिलापी मूळची आफ्रिकेतली. ती भारतात आणली १९५२ मध्ये, आणि मग तळ्यांतून नद्यांत पसरली. तेव्हा ज्या टोपलीत चिलापी आहे ती टोपली १९३५ ची असूच शकत नाही.

दुसरी गोष्ट, टोपलीत रोहू-कटला दिसत नाहीत. हे मासे गंगेच्या खोऱ्यातले. १९५७ मध्ये ओडिशात हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या माशांची वीण करून दाखवली, तेव्हापासून त्यांचं बीज हवं तेवढं तयार होऊ लागलं आणि धरणाधरणांत सोडलं जाऊ लागलं. जायकवाडी धरणानंतरच्या पैठणच्या फोटोत रोहू-कटल्याशिवाय टोपली दिसणं अवघड. तुमच्या फोटोत नदी अजून मोकळी आहे, मासे नदीचे आहेत आणि त्यात नवखी चिलापी शिरलीय. कागदाला दातेरी कडा आहे, आकार चौकोनी आहे. साठ-सत्तरच्या दशकात घरोघरी आलेल्या आग्फा क्लिक थ्रीचे असे चौकोनी फोटो माझ्याकडं धुवायला ढिगानं यायचे. सगळं जुळवून मी म्हणेन, १९६० च्या पुढं-मागं.

शेजारचा मुलगा सात-आठ वर्षांचा दिसतो. तुम्ही पत्रात लिहिलंय की वडिलांचा जन्म १९५३ चा. मग तो मुलगा कोण, हे मला विचारायची गरज नाही. घरात आणि भोईवाड्यात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला फोटो दाखवा. 'हे कोण' असं एकदम विचारू नका. 'हे जाळं कोणतं, कोणत्या माशाचं' असं विचारा. जाळ्याचं नाव निघालं की माणसाचं आपोआप निघतं. आणि १९३५ गेलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. निजामाच्या काळातले दरबारी फोटो पुष्कळ आहेत. धरणाआधीच्या पैठणचा, भोयाच्या टोपलीचा फोटो शोधून सापडत नाही.

प्रश्न : आमच्या वाड्यात गंगाखेडच्या घाटाचे दोन जुने फोटो निघाले. घाट तोच, पण एकात पिंपळ डावीकडं आहे, दुसऱ्यात उजवीकडं. आता तो पिंपळ राहिला नाही. खरा फोटो कोणता? (गंगाखेडहून एक वाचक)

उत्तर : दोन्ही खरे, पण एक उलटा छापलाय. निगेटिव्ह काचेची असो की फिल्मची, तिची मसाल्याची बाजू चुकीकडं ठेवून छापली की डावं उजवं होतं. घाईत असं होतच असे.

ओळखायचं पाण्यावरून. तुमचं गंगाखेड गोदावरीच्या उजव्या काठावर. नावेतून घाटाकडं तोंड करून उभं राहिलात तर पाणी उजवीकडून डावीकडं वाहताना दिसलं पाहिजे. पैठण आणि नांदेड डाव्या काठावर, तिथं बरोबर उलटं. पात्रातला एखादा दगड शोधा. पाणी ज्या बाजूनं येतं तिथं ते दगडाला भिडून उचललं जातं, आणि पलीकडं फेसाची शेपूट निघते. शेपूट डावीकडं गेली असेल तो फोटो सरळ, तिथला पिंपळ खऱ्या जागेवरचा. पाणी संथ असेल तर माणसं बघा. सदऱ्याचा वरचा खिसा उजव्या छातीवर दिसला तर फोटो उलटा. सगळ्यात सोपं म्हणजे दुकानाची पाटी, पण घाटावर पाटी कुठली?

जाता जाता एक. तुमचा घाट साधारण उत्तरेकडं तोंड करून आहे, त्यामुळं हिवाळ्यात सूर्य घाटाच्या पाठीशी असतो. पायऱ्या काळ्या आणि आभाळ पांढरंफटक आलंय ते म्हणून. त्यात फोटोग्राफरचा दोष नाही.

प्रश्न : वडील रेल्वेत होते. त्यांचा डब्यासमोरचा फोटो आहे, डब्यावर एन. एस. आर. अशी इंग्रजी अक्षरं आहेत. दुसऱ्या फोटोत नदी ओलांडणारी एक बस आहे आणि तिच्यावरही तीच अक्षरं! बसवर रेल्वेचं नाव कसं? शेजारी बैलगाड्या आहेत. (पूर्णा, एक वाचक)

उत्तर : दादा, अक्षरं बरोबर आहेत. आपली मनमाड-सिकंदराबाद लाईन १९०० च्या सुमारास सुरू झाली. तिचं नावच होतं हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, म्हणजे नदीच्या खोऱ्याच्या नावानं गाडी. मीटरगेज. औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड, उमरी, धर्माबाद अशी ती काठाकाठानं जाते आणि धर्माबाद सोडल्यावर बासरला गोदावरी ओलांडते. कंपनी होती निजाम गॅरंटीड स्टेट रेल्वे. १९३० मध्ये निजाम सरकारनं ती विकत घेतली आणि नुसती निजाम स्टेट रेल्वे झाली, तीच तुमची एन. एस. आर. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली आणि १९६६ पासून दक्षिण मध्य. तेव्हा वडिलांचा फोटो १९३० ते १९५१ मधला. कागदावर नाव बदललं म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी डबे रंगवत नाही, तेव्हा पुढं दोन-तीन वर्षं ढील द्या. तुमच्या पत्रात वडील १९४६ ला नोकरीला लागल्याचं आहे, म्हणजे फोटो आणखी आवळता येतो.

बसचं असं की निजामाच्या राज्यात सरकारी बस रेल्वेनंच सुरू केली, १९३२ मध्ये, २७ बसगाड्या घेऊन. रेल्वे पोचत नाही तिथं बस, दोघींचा मालक एक. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि बसवरची ती अक्षरं हळूहळू पुसली गेली. आजचे पोरं एसटी रेल्वेची होती म्हटलं तर हसतील, पण हा फोटो दाखवा.

बैलगाड्यांकडं मात्र तुम्ही नीट बघितलं नाही असं दिसतं. पुढच्या गाडीचं चाक लाकडी आहे, त्यावर लोखंडी धाव चढवलीय. वाळूत तिची चाकोरी चिरल्यासारखी अरुंद उमटलीय. मागं जी हलकी, वर छत असलेली, ती दमणी, बायकापोरांना माहेरी-सासरी न्यायची. टायरगाडी एकही नाही. टायरगाडी असती तर मी तारीख बरीच पुढं ढकलली असती. बसच्या टपावर सायकल बांधलीय ती ज्याची असेल तो त्या गावातला मातब्बर समजा.

मीटरगेजच्या आठवणी काढल्या तर पूर्ण्याची माणसं रात्रभर बोलतील, तेव्हा लोको शेडचे फोटो कुणाकडं असतील तर जरूर पाठवा. नव्वदच्या दशकात लाईन मोठी, म्हणजे ब्रॉडगेज झाली आणि तो सगळा संसार उठला.

प्रश्न : एक विक्रेता राजा दीनदयाळ यांनी १८८५ मध्ये काढलेला गोदावरीच्या रेल्वे पुलाचा अस्सल फोटो देतो म्हणतोय, बासरचा पूल म्हणे. किंमत भरपूर आहे. घ्यावा का? (नांदेड, एक वाचक)

उत्तर : नका घेऊ. वरचं उत्तर वाचा. ती लाईनच १९०० च्या सुमाराची, १८८५ ला तिथं पूल आला कुठून? दीनदयाळ सहाव्या निजामाचे फोटोग्राफर, वेरूळ-दौलताबादचे त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत, ते १९०५ ला वारले. त्यांच्या नावावर आज काहीही खपवतात.

पुढं कधी कामाला येईल म्हणून सांगतो. त्या काळचे बहुतेक फोटो अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या पातळ कागदावर छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवत. रंग तपकिरी, उजळ भाग पिवळट. भिंग लावलं तर कागदाचे तंतू दिसतात. भिंगात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर तो फोटो नव्हे, छापखान्यात छापलेलं चित्र. भिंग विक्रेत्यासमोर खिशातून काढा. निम्मे सौदे तिथंच मोडतात.

प्रश्न : आमचं जुनं गाव नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात गेलं. पुनर्वसनाच्या गावात आमच्या पिढीकडं गावाचा एकही फोटो नाही. कुठं मिळेल? (पैठण तालुक्यातून एक वाचक)

उत्तर : भाऊ, गावाचा फोटो असा कुणी काढत नसे, म्हणून 'गावाचा फोटो आहे का' विचारलंत तर सगळे नाहीच म्हणणार. लग्नाचे फोटो मागा. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. या दहा-अकरा वर्षांत गावात जी लग्नं लागली त्यांचे फोटो बघा. नवरा-नवरीच्या मागं वाड्याची भिंत, वेस, पार, आड असं काहीतरी सापडतंच. शाळेचा ग्रुप फोटो मास्तरांच्या घरी असतो, आणि मास्तर बहुधा दुसऱ्या गावचे असत, म्हणजे त्यांचं घर बुडालेलं नाही. लेकी ज्या गावांना दिल्या तिथं हमखास जा. माहेरचा फोटो बाई टाकत नाही.

सोबत तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गावाचा नकाशा काढा. मग फोटो एकेक करून नकाशावर बसवा: ही वेस इथली, हा पार तिथला. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी हटलं की जुने पाये, देवळांचे चौथरे उघडे पडतात. तेव्हा म्हाताऱ्या माणसांना घेऊन जा, पण कडक चिखलावर पाय जपून ठेवा, वरून वाळलेला दिसतो आणि खाली रुततो.

लोकांचे फोटो घरी आणू नका. 'दोन दिवसांत देतो' म्हणून नेलेले अल्बम परत येत नाहीत, आणि मग पुढच्या घरात कुणी दार उघडत नाही. ओसरीवर, सावलीत, फोटो सपाट ठेवून मोबाईलनं कॉपी करा, फ्लॅश बंद. पाठीमागची बाजूही कॉपी करा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, २००६ च्या पुरात भिजलेल्या फ्रेमांचे असे कितीतरी फोटो लोकांनी ओढून फाडलेत. काचेवरूनच तिरप्या उजेडात कॉपी घ्या. लॅमिनेशन तर अजिबात नको. नावं मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं लिहा, बॉलपेन पुढं उमटतो. नाव लिहिताना 'काका', 'मोठे बाबा' असं नको, कुणाचे काका ते पुढच्या पिढीला कसं कळणार? पूर्ण नाव आणि गाव लिहा, जुन्या गावाचं.