वाचकांचे प्रश्न : जुन्या जर्मन रॉकची वाट कोठून धरावी?

प्रश्न : अमरावतीला कॉलेजात असताना डीप पर्पल आणि ब्लॅक सॅबथ यांची गोडी लागली. त्याच काळातील जर्मन रॉक ऐकावे म्हणून कॅन या बँडचा ‘टागो मागो’ हा अल्बम लावला. त्याची पहिली तबकडी आवडली, दुसरी मात्र शेवटपर्यंत ऐकवली नाही. हे संगीत माझ्यासाठी नाही असे समजावे काय?
– एक शिक्षक, तिवसा तालुका, जि. अमरावती

उत्तर : असे समजण्याची घाई करू नये. हार्ड रॉककडून येणाऱ्याने ज्या अल्बमकडे सर्वांत शेवटी वळावे, तो आपण सर्वांत आधी लावला, एवढेच झाले आहे. ‘टागो मागो’ (१९७१) कोलोनजवळच्या एका गढीत ध्वनिमुद्रित झाला. बँडने तासन्‌तास वाजवायचे आणि मग बासवादक होल्गर चुकाय यांनी त्या फिती कापून, जोडून रचना सिद्ध करायची, अशी ती पद्धत होती; चुकाय आणि कीबोर्डवादक यर्मिन श्मिट हे दोघेही जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेन यांचे विद्यार्थी असल्यामुळे फितीवरचे हे काम त्यांना परके नव्हते. दुसऱ्या तबकडीवर ही प्रयोगशाळा उघडीच ठेवलेली आहे, आणि तेथे ठेका हाती लागत नाही म्हणून श्रोता गोंधळतो. पहिल्या तबकडीवरील ‘हालेलुवा’ मात्र अठरा मिनिटांहून लांब असूनही आपणास खटकले नाही, याचे श्रेय ड्रमवादक याकी लीबेत्साइट यांचे. ठरलेल्या ठेक्याचे बंधन न मानणारा मुक्त जॅझ सोडून त्यांनी एकच आवर्तन न ढळता वाजवण्याचा मार्ग धरला. आपल्या तालुक्यात गुरुकुंजाच्या परिसरात खंजिरी भजन ऐकताना लांबत गेलेल्या एकाच ठेक्यातले बारीक फरक जसे हळूहळू कानात भरू लागतात, तसेच येथेही होते.

आपल्या आवडीच्या माणसाने सुरुवात आमोन ड्यूल २ यांच्या ‘येती’ (१९७०) पासून करावी, असे माझे मत आहे. म्युनिकमधील एका कम्यूनमधून, म्हणजे एकत्र राहणाऱ्या तरुणांच्या गटातून, निघालेल्या या बँडच्या या जोड-अल्बममध्ये जड गिटार आहे, ख्रिस कारर यांचे व्हायोलिन आहे आणि ‘आर्केंजल्स थंडरबर्ड’ मध्ये रेनाटे क्नाउप यांचा धारदार आवाज आहे. शिवाय दुसरी तबकडी उत्स्फूर्त वादनाची असल्यामुळे पुढे येणाऱ्या गोष्टींची सवयही होते. त्यानंतर गुरू गुरू या तिघांच्या बँडचे ‘यूएफओ’ (१९७०) आणि ‘हिन्टेन’ (१९७१) घ्यावेत. मला ‘हिन्टेन’ अधिक भावतो, कारण त्यात आक्स गेनरिश यांची गिटार कितीही भरकटली तरी खाली ड्रम आणि बास तिला सोडत नाहीत. मग आश रा टेम्पल या बँडचा १९७१ चा पहिला अल्बम ऐकावा. त्यात दोनच रचना आहेत, प्रत्येक बाजूला एक; पहिली गिटारचे वादळ, दुसरी जवळजवळ स्तब्ध. हॅम्बुर्गच्या लुसिफर्स फ्रेंडचा १९७० चा अल्बम आपणास लगेच आवडेल, परंतु तो इंग्लिश हार्ड रॉकच्या इतका जवळचा आहे की नवे फारसे हाती लागणार नाही. एवढे झाल्यावर ‘टागो मागो’ पुन्हा लावावा.

प्रश्न : गुरू गुरूसारखी नावे घेणाऱ्या या जर्मन बँड्सचा भारतीय संगीताशी खरोखर काही संबंध होता, की सगळे नावापुरतेच?
– एक वाचक, सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : बरेचसे नावापुरतेच होते, आणि त्या काळातील युरोपात तशी फॅशनच होती. तथापि गुरू गुरूच्या बाबतीत सरसकट तसे म्हणता येत नाही. त्यांचे ड्रमवादक मानी नॉयमायर आणि बासवादक उली ट्रेप्टे हे बँड निघण्यापूर्वी स्विस पियानोवादक इरेन श्वाइत्सर यांच्या त्रयीत वाजवीत असत, आणि १९६७ च्या ‘जॅझ मीट्स इंडिया’ या ध्वनिमुद्रणात त्यांच्यासोबत सतारीवर दिवाण मोतिहार आणि तबल्यावर केशव साठे होते. मुंबईतून लंडनला गेलेल्या साठे यांचे नाव आपल्याकडे क्वचितच घेतले जाते, याचे मला वाईट वाटते. पोपोल वू या बँडच्या ‘होझियाना मंत्र’ (१९७२) मध्ये तंबोरा आहे, पण तो अल्बम हार्ड रॉकच्या अपेक्षेने लावू नये. म्युनिकचा एम्ब्रियो हा बँड तर १९७० च्या दशकाच्या अखेरीस रस्त्याने थेट भारतापर्यंत आला.

प्रश्न : हरभऱ्याच्या जागलीला रात्री शेतात हे संगीत मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतो. चालेल काय?
– एक शेतकरी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : मोबाइलच्या स्पीकरवर बास जवळजवळ नाहीसा होतो आणि कॅनचे संगीत तर त्यावरच उभे आहे; म्हणून साधा इअरफोन का होईना, वापरावा. मात्र जागलीवर तो एकाच कानात घालावा, कारण दोन्ही कान नॉय या जर्मन बँडच्या दहा मिनिटांच्या ‘हालोगालो’ ला दिले, तर तेवढ्यात रानडुकरे धुऱ्यावरून आत आलेली असतील.