हॉप्स तोडायची घाई नको
हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलाची बोंडं. घरच्या वेलाला पहिल्या वर्षी ती कमी आली म्हणून निराश होऊ नका, तेव्हा वेल मुळं धरत असतो. खरी पारख तोडणीची. बोंड बोटांत दाबून पाहा: कागदासारखं कुरकुरलं, सोडल्यावर पुन्हा फुललं आणि पाकळ्यांच्या बुडाशी गडद पिवळी, चिकट भुकटी दिसली की तोडा. हेच ल्युप्युलिन, वास, कडवटपणा सगळा त्यातच. मग सावलीत, वाऱ्यावर वाळवा. मधला देठ वाकता कामा नये, मोडला पाहिजे. नंतर हवाबंद पिशवीत, फ्रीझरमध्ये. घरच्या हॉप्समधल्या अल्फा आम्लाचं, म्हणजे कडवटपणा आणणाऱ्या घटकाचं, प्रमाण कळत नाही, म्हणून कडवटपणासाठी विकतचे घ्या आणि घरचे बिअरच्या उकळीच्या शेवटी सुगंधासाठी टाका. आणि हो, उकळून उरलेला हॉप्सचा चोथा कुत्र्यापासून लांब ठेवा, त्याला तो विषारी असतो.