दीड लाख घेऊन सही करावी का?

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय 38, घरून जेवणाचे डबे देतात, खर्च वजा जाता महिन्याला साधारण 22,000 उरायचे. दहा आठवड्यांपूर्वी भाजी घेऊन चालत घरी येताना मागून कारने उडवले. नडगीचे हाड मोडले, आत रॉड बसवलाय. एफआयआर झाला आहे. बिल 2,90,000 झाले, त्यातले 1,80,000 मेडिक्लेमने दिले. गाडी चालवणाऱ्या मुलाचे वडील दीड लाख देतो म्हणतात, पण स्टॅम्पपेपरवर सही हवी. घरखर्चासाठी 40,000 महिना तीन टक्क्यांनी उसने घेतलेत. ताई विचारतात, पैसे घेऊन मोकळे व्हावे, की मुलीच्या फीसाठी ठेवलेली दोन लाखांची एफडी मोडावी?

ताई, सही करू नका. आणि एफडीही मोडू नका.

तुम्ही पाठवलेल्या मसुद्यातली ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली: "सदर अपघाताबाबत यापुढे कोणत्याही न्यायालयात कोणताही दावा करणार नाही." दीड लाखांची खरी किंमत या एका ओळीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 नुसार गंभीर दुखापतीला चूक कोणाची हे सिद्ध न करताही अडीच लाखांची भरपाई आहे, आणि हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान रकमेपेक्षाही एक लाख कमी घेऊन तुम्ही सगळे हक्क सोडणार.

कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला, तर हिशोब वेगळा होतो. वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे, तो वयानुसार ठरलेला गुणक तुमच्यासाठी 15 आहे. वर्षाचे 2,64,000, त्यात स्वयंरोजगाराची पुढची वाढ म्हणून 40 टक्के धरले की 3,69,600. गुणिले 15 म्हणजे 55,44,000. कमाईची क्षमता कायमची 10 टक्के घटली असे न्यायाधिकरणाने मानले, तर एवढ्या एका बाबीचेच 5,54,400 होतात. उपचार, बुडालेले महिने, वेदना आणि पुढे रॉड काढायचा झाला तर त्याचा खर्च वेगळा. मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून बिल मागता येणार नाही, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. ती रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये दिला आहे.

पण हे 10 टक्के मी धरलेत. पाय पूर्ण बरा झाला तर ही बाब शून्यावर येईल, आणि तसेच व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. उलट तुम्ही रोज चार-पाच तास ओट्याशी उभ्या राहता. बसून काम करणाऱ्याचा पाय आणि तुमचा पाय यांत कमाईच्या दृष्टीने फरक आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितले आहे की टक्केवारी नुसत्या अवयवाची नाही, कामाला किती फटका बसला त्याची बघायची. उपचार संपल्यावर अपंगत्वाचा दाखला घ्याल तेव्हा डॉक्टरांना तुमचे काम नीट सांगा.

कमाईचा पुरावा कुठून आणू, असे तुम्ही लिहिलेत. अहो, तो तुम्ही पाठवलेल्या फोटोतच आहे. ओट्याच्या बाजूला खिळ्याला टांगलेली ती डब्यांची वही, प्रत्येक नावापुढे रोजची टिक, आणि अपघाताच्या दिवसापासून सगळ्या ओळी कोऱ्या. याहून बोलका कागद मी तयार करून देऊ शकणार नाही. तिची आजच झेरॉक्स काढा, सोबत यूपीआयवर आलेल्या पैशांचे बँक स्टेटमेंट, किराणा-गॅसची बिले आणि दोन-तीन गिऱ्हाइकांची लेखी पत्रे जोडा. पुरावा कच्चा राहिला आणि उत्पन्न 12,000 धरले गेले, तर वरचे साडेपाच लाख थेट तीन लाखांवर येतात.

एका गोष्टीने माझे मत बदलेल. अपघाताच्या दिवशी गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू होता का, हे एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून बघा आणि पोलीस ठाण्यातून पॉलिसीची प्रत मागा. विमा असेल तर भरपाई विमा कंपनी देते, त्या कुटुंबाचे घरदार विकावे लागत नाही. तुम्हाला त्या मुलाची दया येते हे पत्रातून जाणवले, म्हणून मुद्दाम सांगते. विमा नसेल तर वसुली मालकाकडून करावी लागेल, मग तडजोडीचा विचार करू, पण तेव्हाही वकिलामार्फत आणि दीड लाखांवर नाही. विमा कंपनीकडून कलम 164 चे अडीच लाख घेण्याचा प्रस्ताव आला, तर लगेच हो म्हणू नका. ते स्वीकारले की मोठा दावा संपतो.

निकालाला वर्षे लागू शकतात, आणि तुमची चणचण आजची आहे. म्हणून एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता ती तारण ठेवून बँकेकडून लागेल तेवढी उचल. व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, तेही उचललेल्या रकमेवरच. पहिल्या दिवशी ते 40,000 फेडा. वर्षाला 36 टक्के व्याज तुम्हाला पायापेक्षा जास्त अधू करेल. उरलेल्यातून घरखर्चाची महिन्याची 9,000 ची तूट आठ महिने भरली तरी एकूण उचल 1,12,000 होते. मुलीची फी त्याआधी भरायची असेल तर मला तारीख कळवा, आकडे पुन्हा मांडू.

वकिलाच्या फीची भीती घालवा. महिलांना उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. खासगी वकील भरपाईत टक्का मागत असेल तर नको म्हणा, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही.

अर्जाची मुदत अपघातापासून सहा महिने आहे, त्यातले अडीच गेले. मी तर म्हणेन, येत्या महिन्यातच दाखल करा.

रविवारी ते वडील पुन्हा येणार आहेत ना? त्यांना शांतपणे सांगा, "उपचाराला मदत करायची असेल तर खात्यावर पाठवा, मी पावती देते. स्टॅम्पपेपरवर सही मात्र करणार नाही."