वडिलांचं कर्ज मुलाला फेडावं लागायचं का? पेशवाईत काय रीत होती?

हो, लागायचं, आणि यातून खुद्द पेशवेही सुटले नाहीत. पहिल्या बाजीरावाने आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेलं गाऱ्हाणं प्रसिद्धच आहे: सावकार-शिलेदारांच्या पाया पडून कपाळ झिजलं! 1740 मध्ये तो वारला आणि देणं मुलगा नानासाहेब याच्या गळ्यात आलं. मोठा धनको (कर्ज देणारा) कोण, तर बारामतीचे बाबूजी नाईक, म्हणजे घरचेच सोयरे; बाजीरावाची बहीण त्यांच्या भावाला दिलेली. त्यांनी तगादा लावला, वर नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने पेशवेपदच मागितलं. दिवाण महादजीपंत पुरंदऱ्यांनी आपली पत मागे उभी केली, तेव्हा नानासाहेब मोकळा झाला.

सामान्यांकडे असा पुरंदरे कुठला! तिथे तडजोड चाले: जुनं कर्जखत मोडून नवं लिहायचं, वतन किंवा जमीन गहाण द्यायची, व्याज थोडं सोडवून घ्यायचं. धर्मशास्त्राप्रमाणे रोख कर्जावर एकरकमी वसुली मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊ नये, हाच तो दामदुपटीचा नियम. सावकार फारच चिडला तर कर्जदाराच्या दारात धरणं धरून बसे. पैसे फिटले की फारखत, म्हणजे कर्ज फिटल्याची पावती, लिहून घ्यायची, नाहीतर नातवालाही तगादा!