दोन फुटी टाकीत नऊ गोल्डफिश: मोठा फिल्टर लावला तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईच्या इच्छेसाठी दोन फुटी टाकीत नऊ गोल्डफिश आणले, आठ सोनेरी आणि एक काळा. दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून खडे आणि स्पंज नळाखाली धुता. तरी बुधवारपर्यंत पाणी पांढरट होतं, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, आणि महिन्याभरात दोन गेले. दुकानदार म्हणतो, दुप्पट ताकदीचा फिल्टर लावा.

फिल्टर लागेलच, पण आधी रविवारची ती धुलाई थांबवा. मासे तिच्यामुळेच जाताहेत असं मला अगदी ठामपणे वाटतं.

मासा मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात अमोनिया सोडतो, आणि उरलेलं खाणं नि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. फिल्टर कचरा अडवतो हे खरं, पण अमोनियाचा बंदोबस्त करतात ते स्पंजावर, खड्यांवर वस्तीला असलेले जिवाणू. काही जाती अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्याचं पुढे नायट्रेट. पहिली दोन्ही रूपं, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट, माशाला विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते पाणी बदलून काढता येतं. ही वस्ती नव्या टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही ती दर सातव्या दिवशी क्लोरीनच्या पाण्याखाली धुऊन टाकता. विरजणाचं भांडंच घासून ठेवलं तर दही लागणार कुठून? तो पांढरटपणाही त्याचाच भाग आहे. मोकळ्या झालेल्या पाण्यात दुसरेच जिवाणू भराभर वाढतात, आणि ते पाण्यातला प्राणवायूही खातात.

हे मी सोसून शिकलोय. माझ्याकडे एक काळी मूर होती, म्हणजे गोल्डफिशचीच एक जात, टपोऱ्या डोळ्यांची. मी टाकीपाशी गेलो की काचेला येऊन चिकटायची. एका शनिवारी स्पंजातला तपकिरी गाळ बघून किळस आली आणि मी तो नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला. पाचव्या दिवशी मूर तळाशी पर मिटून बसलेली, कल्ले लालभडक. धावत जाऊन अमोनिया तपासायचे थेंब आणले. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवंगार झालं. ती वाचली नाही. तेव्हापासून स्पंज मी फक्त टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा दाबतो, तेही पाण्याची धार मंदावली तरच.

आता संख्येकडे येऊ. तुमची टाकी ६० बाय ३० सेंटिमीटर, पाणी साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे ४५ लिटर. नऊ माशांत वाटले तर प्रत्येकी ५ लिटर, म्हणजे पाण्याच्या २० लिटरच्या जारचा पाव भाग. दुकानात बोटभर दिसणारा ओरंडासारखा गुबगुबीत गोल्डफिश नीट वाढला तर हाताच्या पंजाएवढा होतो. लांब शरीराचा साधा गोल्डफिश किंवा कॉमेट फूटभरही जातो आणि दहा-पंधरा वर्षं जगतो. त्याची जागा हौदात. गुबगुबीत जातींसाठी मी धरतो ते माप असं: पहिल्याला ७५ लिटर, पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर. ९० बाय ४५ बाय ४० ची टाकी १६० लिटरच्या आसपास होते. तीत तीन मासे सुखाने राहतात. पाण्याचंच वजन १६० किलो भरतं, तेव्हा टेबल नव्हे, लोखंडी स्टँड लागेल. आत्ताच्या टाकीत दोन लहान गुबगुबीत मासे, तेही मोठी टाकी येईपर्यंतच.

आईंना नऊच हवे असतील तर त्यांचं मन मोडू नका. या टाकीत नऊ झेब्रा डॅनिओ, म्हणजे छोटे पट्टेदार मासे, आनंदाने राहतील. गोल्डफिशचं मात्र गणित बसत नाही, कारण फिल्टर कितीही मोठा घेतला तरी नायट्रेट साचतच राहतं आणि माशाला वळायला जागा काही वाढत नाही.

आज काय कराल? दोन दिवस खाणं पूर्ण बंद. गोल्डफिशला काही होत नाही. रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, नव्या पाण्यात आधी क्लोरीन मारणारे थेंब घालून. खड्यांना हात लावू नका. जुनी, निरोगी टाकी असलेला कोणी ओळखीचा असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा, ओलाच आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. हे खरं विरजण. महिन्याचं काम त्याने बरंच लवकर होतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदललं तरी पुरतं, नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली राहिलं म्हणजे झालं.

फिल्टर घेताना खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. तो आकडा रिकाम्या पंपाचा असतो; स्पंज आणि उंची आली की धार बरीच कमी होते. टाकीतलं पाणी तासाला आठ-दहा वेळा फिरेल असा घ्या, म्हणजे १६० लिटरला खोक्यावर ताशी दीड हजार लिटर तरी हवेत. त्याहून महत्त्वाचं, आत जिवाणूंना बसायला जागा किती आहे ते बघा. मी टाकीच्या वर बसणाऱ्या पेटीच्या फिल्टरमध्ये सिरॅमिक रिंगा आणि भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या नव्या कोऱ्या घासण्या भरतो, साबण न लागलेल्या. सोबत हवेच्या पंपावर एक साधा स्पंज फिल्टर ठेवाच. उन्हाळ्यात तो जीव वाचवतो: २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसातच. वीज जात असेल तर बॅटरीचा पंप घरात असू द्या. बंद डब्याचा फिल्टर चार-सहा तास थांबला तर आतलं पाणी फेकूनच तो परत चालू करा. जिवाणू गुदमरून सडलेलं असतं ते.

एक आणखी. "टाकी साफ ठेवतो" म्हणून दुकानदार सकर मासा देऊ करेल. घेऊ नका. तो रात्री गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडतो, आणि घाण त्याचीही असतेच. आणि जास्तीचे मासे दुकानात परत द्या किंवा हौद असलेल्या कुणाला द्या, नदी-तलावात सोडू नका. असेच सोडलेले सकर आज उजनीच्या जलाशयात कोळ्यांची जाळी फाडताहेत.