दाबून धरले, तरी फेरी गेली

प्रश्न : कुस्तीतून हौशी मिश्र मार्शल आर्ट्‌समध्ये आलेल्या माझ्या भाच्याने प्रतिस्पर्ध्याला फेरीभर खाली दाबून धरले, तरी पंचांनी फेरी दुसऱ्याला दिली. असे का?

उत्तर : कुस्तीत ताब्याला गुण आहेत, येथे मात्र पंच आधी प्रहार आणि पकड यांचा परिणाम पाहतात, आणि त्यात दोघे समसमान ठरले तरच आक्रमकता व सर्वांत शेवटी ताबा विचारात घेतात. खालून बसलेले दोन सणसणीत ठोसेही अशा वेळी फेरी फिरवतात, आणि मग फेरी जिंकणाऱ्याला 10 व हरणाऱ्याला 9 गुण, म्हणजे 10–9 असा निकाल लागतो. त्यातून हौशी लढतीत कोपराचे प्रहार सहसा वर्ज्य असल्याने वरच्याचे एक हत्यारच बोथट होते. भाच्याची पारख जयांच्या आकड्यावरून करू नये. पाडल्यावर तो प्रतिस्पर्ध्याच्या पायांच्या विळख्यातून आपले पाय सोडवून पुढे सरकतो, की नुसता छातीला बिलगून राहतो, हे पाहावे.