बर्फ पडत नव्हता, तरी दिसेना कसं?

प्रश्न: माझा मुलगा अमेरिकेत बफेलोला एमएस करतोय. परवा फोनवर म्हणाला, आई बर्फ पडायचा थांबलाय, पण समोरची बिल्डिंग दिसत नाहीये. मला काळजी वाटू नये म्हणून थापा मारतोय का? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, पोरगा खरं बोलतोय. आपल्याला वाटतं वादळ म्हणजे वरून धो धो बर्फ, पण तिथल्या हवामान खात्याच्या हिशोबात ब्लिझर्ड, म्हणजे हिमवादळ, ठरतं ते वाऱ्यावर. ताशी 56 किलोमीटरच्या वर वारा आणि साधारण 400 मीटरपलीकडचं दिसेनासं, हे सलग 3 तास टिकलं की झालं ब्लिझर्ड, मग बर्फ वरून पडो नाहीतर आधीच जमिनीवर पडलेला उडो. कडाक्याच्या थंडीत तो बर्फ कोरडा असतो, मैद्यासारखा, वारा सुटला की सगळा उठतो. 1977 च्या जानेवारीत बफेलोतच हे झालं, ईरी सरोवर गोठलेलं, त्यावर साठलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उचलून शहरात आणून ओतला. नवा बर्फ फुटभरच पडला असेल, पण 29 माणसं गेली, त्यातली काही बर्फाखाली गाडल्या गेलेल्या गाड्यांत सापडली.

मी स्वतः मिनेसोटात असताना एकदा नुसता कचरा टाकायला बाहेर पडलो, वीसेक पावलं असतील, वर बघितलं तर चक्क निळं आभाळ आणि खाली स्वतःचे बूट दिसेनात! परत येताना पार्किंगमधल्या गाड्या हाताने चाचपत चाचपत दारापर्यंत आलो. आपल्या आंबोलीच्या धुक्यात निदान रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा तरी दिसतो, इथे रस्ता पण पांढरा, हवा पण पांढरी. गाडीचा अप्पर लावला तर अजूनच वाट लागते, उजेड सगळा आपल्याच तोंडावर परत येतो.

तर त्याला एवढंच सांगा, अशा दिवशी बाहेर पडू नकोस, आणि गाडीत अडकलास तर गाडी सोडून चालत सुटू नकोस. हीटरसाठी इंजिन तासाला दहाएक मिनिटंच चालू करायचं, त्याआधी सायलेन्सरच्या तोंडातला बर्फ काढायचा, काच बोटभर उघडी ठेवायची, नाहीतर विषारी धूर आत येतो आणि कळतही नाही. आणि तुम्ही पण तेव्हा दर पाच मिनिटांनी फोन लावू नका हं, बॅटरी त्यालाच लागणारे.